आमदाराच्या मताचा रकाना

मंगल,

आधी एक दुरुस्ती करते. तू त्या रस्त्यामुळं गेली नाहीस. लोक तसं म्हणायला लागलेत. तुझ्या वस्तीत म्हणतात, आपल्या कॉलेजात म्हणतात, राजारामपुरीत तुझ्या फ्लॅटखाली दवाखाना असलेले डॉक्टरसुद्धा परवा मला म्हणाले, "मॅडमनी त्या रस्त्याचा लई ताण घेतला." रविवारी सकाळी चहा गाळता गाळता तू कोसळलीस आणि तुझं हृदय थांबलं. एवढंच आपल्याला माहीत आहे. एकापाठोपाठ एक घडलं म्हणून एकामुळं दुसरं घडलं असं होत नाही, हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवते. तुझ्या मरणाच्या बाबतीत तरी ती चूक कुणी करू नये.

आणि तू त्या रस्त्यामुळं गेलीस असं म्हटलं, की ज्यांनी तुझ्या वस्तीचा रस्ता होऊ दिला नाही त्यांना दोन अश्रू ढाळून मोकळं होता येतं. तेवढं सोपं मी त्यांना करू देणार नाही.

मला राग आलाय. त्यांचा आलाय, तुझाही आलाय. तुझा जास्त, कारण भांडण अर्ध्यावर टाकून उठून जायची तुला सवयच नव्हती. स्टाफरूममध्ये घंटा झाली तरी तू दारात उभी राहून शेवटचं वाक्य माझ्या तोंडावर फेकायचीस. या वेळी ते वाक्य न फेकताच गेलीस. याला काय म्हणायचं?

तू राज्यशास्त्र शिकवायचीस, मी संख्याशास्त्र. स्टाफरूममधल्या एकाच टेबलावर आपण समोरासमोर बसायचो. एक दिवस तू वही तपासता तपासता विचारलंस, "शैले, लोक मत कसं देत्यात ह्याच्यावर पुस्तकांचा ढीग हाय. पण लोकांनी निवडून दिलेला गडी आत जाऊन मत कसं देतो, त्ये कोण बघतंय काय?" मी म्हटलं, बघू की. त्यात काय अवघड आहे? एका तक्त्यात निवडणुकीचे निकाल, दुसऱ्या तक्त्यात सभागृहातली मतं. दोन्हींत मतदारसंघाचं नाव सारखं, त्यावरून एकमेकांना जोडायचे. जो आमदार थोडक्यात निवडून येतो तो आत जाऊन वेगळं वागतो का, ज्या गावांनी त्याला डोक्यावर घेतलं त्यांच्या बाजूनं तो उभा राहतो का, सगळं समोर येईल. सुट्टीत करून टाकते म्हणाले होते मी. किती शहाणी समजत होते स्वतःला!

पहिला तक्ता झाला. वाकडी स्कॅन केलेली निकालपत्रं आपण डोळे फोडून वाचली. बूथवार निकाल, गावागावातले, गल्लीगल्लीतले. गडहिंग्लजच्या एसटीत मांडीवर छापील कागद घेऊन तू मोठ्यांदा आकडे वाचायचीस, आणि शेजारचे पावणं विचारायचे, "बाई, कशाची यादी ही? लगीन हाय काय?" तू म्हणायचीस, "व्हय, आमदाराचं. सगळ्या गावानं लावून दिलंय." एसटी हसायची. मी लाजून खिडकीतून बाहेर बघायचे.

मग दुसरा तक्ता करायला घेतला आणि दिसलं, की तो नाहीच. कामकाजाचे अहवाल आपण चाळत राहिलो आणि प्रत्येक विधेयकाखाली तेच वाक्य सापडत गेलं. प्रस्ताव मतास टाकण्यात आला व संमत झाला. कुणाच्या मतानं? लिहिलेलं नाही. आवाजी मतदान. बाजूचे 'होय' ओरडतात, विरुद्धचे 'नाही' ओरडतात, कुठला आवाज मोठा ते अध्यक्ष ठरवतात, झालं. कुणी आग्रहानं मागणी केली तरच मतविभागणी होते, म्हणजे माणसं मोजतात. ती मागणी क्वचित होते. आणि झाली तरी पक्षाचा आदेश मोडणाऱ्याची आमदारकी जाऊ शकते, त्यामुळं सगळे एका रांगेत. मी तुला म्हटलं, मंगल, जिथं सगळे एकसारखंच वागतात तिथं तुलना कशाची करू? सगळ्या माणसांचं वजन सारखंच आलं तर माणसं सारखी आहेत म्हणायचं, की काटा बिघडलाय म्हणायचं?

"काटाच न्हाय तिथं," तू म्हणालीस. "आवाजावर वजन करत्यात."

तरी तुला ते डोळ्यांनी बघायचं होतं. कुणाकुणाच्या ओळखीनं पास काढलेस आणि मला ओढत विधानसभेच्या अधिवेशनाला नेलंस. प्रेक्षक गॅलरीत बसायच्या आधी आपल्याला बजावून सांगितलं होतं, की आवाज करायचा नाही, टाळी नाही, बोट दाखवायचं नाही. तू मान डोलावलीस. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. आपल्या जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला सभा म्हणजे काय हे साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत समजतं. पुढच्या खुर्च्या सत्ताधाऱ्यांच्या माणसांनी सकाळीच धरलेल्या असतात, विषय वाचून पुरा व्हायच्या आत "मंजूर! मंजूर!" सुरू होतं, आणि मागच्या बाजूनं जीव तोडून "नामंजूर!" तुझे वडील सभासद. ते एकटे असले तरी मागून ओरडायचे, आणि लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून तूही ओरडायचीस. काय नामंजूर आहे ते न कळता.

खाली अध्यक्षांनी प्रस्ताव मतास टाकला. 'होय'चा गलका झाला. 'नाही'चा बारीक आवाज आला. आणि माझ्या कानाशेजारून, अख्खं सभागृह वर बघेल एवढ्या मोठ्यानं, "नामंजूर!"

सुरक्षेची माणसं आली. तुला दंडाला धरून उठवलं, मागोमाग मीही. खाली आपल्याच भागातले एक आमदार वर बघून हसत होते. कारखान्याच्या सभेतला तो आवाज त्यांनी ओळखला असणार. बाहेर तुझं नाव, पत्ता, फोन नंबर सगळं लिहून घेतलं. तो अधिकारी बिचारा सज्जन होता. "ताई, कशाला ओरडलात?" म्हणाला. तू म्हणालीस, "मी वरडलो न्हाय. मत दिलो."

आपल्याकडच्या बायका बोलताना 'मी जातो, मी करतो' म्हणतात. त्याला तेही कळलं नसेल.

बाहेर टपरीवर चहा पिताना मी हसून हसून रडत होते. तू म्हणालीस, "शैले, खाली कोण कोण 'होय' म्हणालं, तुला दिसलं काय?" मी म्हटलं, नाही. "मला बी न्हाय. एवढ्या मोठ्या घरात आज मत दिलेल्या एकाच माणसाचं नाव त्यांनी लिवून घेतलं बघ. माझं." तेव्हा मला हसू आलं होतं. आता ते आठवलं की कानशिलं तापतात, कारण पुढं जे झालं ते सगळं त्या एका वाक्यात होतं.

परत आल्यावर रकान्यावरून भांडलो. 'आमदाराचं मत' असा एक रकाना मी तक्त्यात करून ठेवला होता आणि खाली पार तळापर्यंत 'माहिती उपलब्ध नाही' भरलं होतं. आमच्या शास्त्रात तशीच रीत आहे. तू माझ्या खांद्यावरून वाकून बघितलंस. "उपलब्ध न्हाय म्हंजे? पावसात भिजून गेली काय माहिती? त्या माणसाला ठावं हाय त्यानं काय केलं. 'सांगत न्हाईत' म्हणून लिव." मी म्हटलं, हे काय शास्त्र झालं? तक्त्यात राग भरत नाहीत. तू म्हणालीस, "राग न्हवं गं, खरं हाय त्ये. पेशंटाचं वजन केलंच न्हाई आणि पेशंट काट्यावर चढत न्हाई, ह्यात फरक हाय का न्हाय?" फरक आहे. मला मान्य करावं लागलं. सगळा रकाना मी पुन्हा भरला. आजही तिथं ओळीनं तेच आहे, सांगत नाहीत, सांगत नाहीत, सांगत नाहीत. मी आयुष्यात केलेलं सगळ्यात प्रामाणिक काम तेच असेल, आणि ते तू करून घेतलंस.

आता नकाशाचं.

हे भांडण मी आजही सोडलेलं नाही, ऐकून घे. एक तक्ता रिकामा राहिला म्हणून दुसरा तरी लोकांपुढं ठेवू, असं तू ठरवलंस. बूथवार नकाशा, ज्या उमेदवाराला जास्त मतं त्याचा रंग, आणि सगळ्यांना बघायला इंटरनेटवर. मी म्हटलं, बूथवार नको, गावं एकत्र करून दाखवू. कारण तुझ्या वस्तीचं बूथ समाजमंदिरात, वेगळं. तिथं फक्त वस्तीचीच माणसं मत देतात. सगळ्या गावाचा रंग एक आणि मध्ये वस्तीचा ठिपका दुसऱ्याच रंगाचा. आंधळ्यालाही दिसेल. कागदी मतपत्रिकांच्या काळात पेट्या मिसळून मोजायची सोय तरी होती. यंत्र आल्यावर गल्लीनं काय केलं ते गल्लीच्या नावानं बाहेर येतं. मत गुप्त असतं मंगल, मी म्हटलं, आणि ते गुप्त ठेवायचा त्यांना हक्क आहे.

तुझा चेहरा मला आत्ताही दिसतो. "आमी चोरी केल्या व्हय? माझा आज्जा गावात पाटलास्नी वाट सोडून चालला. मी आता नकाशात बी वाट सोडू? तुला म्हणायला सोपं हाय शैले. राधानगरीला तुमच्या गल्लीचा रंग कोण बघतंय?"

मला बोलायला जागाच ठेवली नव्हतीस. वर म्हणालीस, "त्यांच्याकडं ही यादी आधीपास्नं हाय. निकालादिवशीच त्यांची पोरं उतरवून घेत्यात. न्हवती ती फक्त आमच्याकडं." हे खरं होतं. म्हणून तर जास्त चिडले. खरं असलं तरी पुरेसं नव्हतं. नकाशा इंटरनेटवर गेला, खाली आपली दोघींची नावं गेली.

पुढं गावातला सिमेंटचा रस्ता आला आणि वस्तीच्या तोंडाशी येऊन थांबला. सुरीनं कापावा तसा. तिथून आत चिखल. तुझी आई विचारायला गेली, तर आमदारांच्या कार्यकर्त्यानं खिशातून फोन काढला आणि आपला नकाशा तिच्यापुढं धरला. आपला! मी रंग निवडलेला. "मावशी, ह्यो ठिपका कुणाचा? तुमचा. आणि खाली नाव कुणाचं? तुमच्याच लेकीचं. मग रस्ता कशाला मागताय?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आपण त्यांचं मत शोधायला निघालो होतो. त्यांचं सापडलं नाही आणि आपलं त्यांच्या हातात पडलं.

शुक्रवारी स्टाफरूममध्ये तू मला हे सांगितलंस. मी ओरडले. बाकीचे सर उठून बाहेर गेले एवढी ओरडले. काढ तो नकाशा, आत्ता काढ, म्हटलं. तू शांत होतीस. तुझं ते शांत राहणंच मला झोंबलं. "नकाशा काढायचा न्हाय," म्हणालीस. "दुसरा रकाना भरायचा." कसा भरायचा? कुठून भरायचा? मी विचारलं आणि तासाची घंटा झाली. तू पुस्तकं उचललीस, दारात थांबलीस, माझ्याकडं बघितलंस आणि हात हलवून गेलीस. काय बोलणार होतीस? शनिवारी मी रागात फोन केला नाही. रविवारी तुझ्या शेजारच्यांचा आला.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी सकाळपासून वस्तीत होते. तुझ्या आईनं मला शेजारी बसवून घेतलं. बुद्धवंदना झाली, जेवणं व्हायची होती, मांडवात आदरांजलीची भाषणं सुरू झाली. आणि आमदारसाहेब आले. गाडी सिमेंट संपतं तिथं थांबली. पुढं चिखलातून पांढरे कपडे सावरत चालत आले. त्यांना तेवढं तरी चालावं लागलं, याचं मला समाधान झालं. हो, झालं. लपवत नाही.

ते छान बोलले. वाईट वाटतं, पण छान बोलले. तू म्हणजे लोकशाहीची पहारेकरी. तुझा गॅलरीतला किस्सा त्यांनीच सांगितला आणि लोकांना हसवलं. ते हसणारे आमदार तेच, हे तुला वेगळं सांगायला नको. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आमच्या भगिनीची आठवण म्हणून ह्या वस्तीचा रस्ता आपण करायचा. आणि त्याला नाव द्यायचं मंगलताईंचं. मंजूर हाय न्हवं?"

आणि मांडव म्हणाला, "मंजूर! मंजूर!" पुढं बसलेली त्यांचीच माणसं. पण मागची आपली माणसंही म्हणाली. सवयच ती.

मी उठले. तुला माहीत आहे, मी सभेत कधी तोंड उघडत नाही. त्या गॅलरीतही मी गप्प बसले होते. "नामंजूर," मी म्हटलं. मग पुन्हा, मोठ्यानं.

साहेब हसले. "बाई, ही शोकसभा हाय."

"असू दे. मतविभागणी मागते मी. माणसं मोजा."

कुजबुज सुरू झाली. कुणीतरी माझ्या पदराला ओढत होतं. मला वाटलं, खाली बसवतायत. बघते तर तुझी आई माझा पदर धरून उठत होती. तिनं डोळे पुसले नाहीत. "रस्ता पायजे," म्हणाली. "आमचा हाय त्यो, कुणाची भीक न्हवं. पर माझ्या लेकीचं नाव द्यायचं न्हाय. लेक गेली म्हणून देताय व्हय रस्ता? आमी जित्ती हाय न्हवं?" मग श्वास घेऊन म्हणाली, "आणि ही मास्तरीण म्हणतीया तसंच हू दे. कोण करतो म्हणतंय, त्यानं हात वर करावा. नाव सांगावं."

वस्तीतले हात वर झाले. कार्यकर्ते एकमेकांकडं बघत होते. आणि साहेब अडकले. आपणच मांडलेल्या गोष्टीला हात कसा वर करायचा नाही? केला. अर्धाच, कोपरापर्यंत. मी फोन रेकॉर्डिंगला लावून समोर धरला होता. म्हटलं, "साहेब, नाव." ते म्हणाले, "मला कोण ओळखत न्हाय काय?" मी म्हटलं, "नोंदीसाठी." त्यांनी नाव सांगितलं. गावाचं सांगितलं, मतदारसंघाचंही सांगितलं. बाजूनं की विरुद्ध, विचारलं. "बाजूनं," म्हणाले, आणि घड्याळाकडं बघितलं.

घरी येऊन मी तक्ता उघडला. 'आमदाराचं मत'. तळापर्यंत 'सांगत नाहीत'. त्या मतदारसंघाच्या ओळीत मी एक नोंद केली, विषय वस्तीचा रस्ता, मत बाजूने. माझ्या शास्त्रात ही नोंद बसत नाही. सभागृह नव्हे, मांडव होता. आणि एका नोंदीवरून काहीही सिद्ध होत नाही. हे सगळं मी तुला ऐकवलं असतं आणि तू म्हणाली असतीस, भर गं.

भरलं. मग टेबलावर डोकं ठेवून रडले, पहिल्यांदाच. इतके दिवस नुसता राग होता.

तो रागही तुझाच. मी राधानगरीहून आलेली, आकड्यांत रमणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एखादा रकाना रिकामा असला तर तो कुणीतरी रिकामा ठेवलेला असतो, हे मला तू दाखवलंस. त्याबद्दल तुझे आभार मी कधी मानले नाहीत. मानले असते तर "जा गं, चहा सांग" म्हणाली असतीस.

नकाशा मी काढलेला नाही. तुझं पटलं म्हणून नव्हे. मी आजही म्हणते, झाकायला हवा होता. पण समोरचीचं बोलणं व्हायचं असताना एकटीनं निकाल लावायचा, हा आपल्या दोघींचा रिवाज नव्हता. ते भांडण तसंच राहू दे. माझं म्हणणं मी रोज तुला सांगत जाईन.

तक्त्यात मात्र एक नवा रकाना काढलाय, त्यांच्या 'बाजूने'च्या शेजारी. 'झालं का?' काल संध्याकाळी तुझ्या आईला फोन केला होता. म्हणाली, कोण फिरकलं न्हाय, खडीचा खडा बी पडला न्हाय. मी लिहिलं, 'नाही'. उद्या पुन्हा फोन करणार आहे. या रकान्यात 'सांगत नाहीत' लिहायची वेळ येणार नाही मंगल, कारण हा त्यांच्या हातात नाही. हा तुझी आई भरणार आहे.